बेअरिंग गेलंय, दुसरं टाक

मशीन डिझाईनच्या पेपरात बेअरिंगचा प्रश्न हमखास असतो. डेटाबुक उघडायचं, 'पी' काढायचा, 'सी' काढायचा, टेबलातून नंबर उचलायचा आणि खाली दुहेरी रेघ मारायची. दहा मार्क खिशात. आमच्या मुरुडला (लातूर-बार्शी रस्त्यावरचं मुरुड बरं का, जंजिऱ्याचं नव्हे, पहिल्या वर्षी निम्म्या होस्टेलने मला समुद्र घरापासून किती लांब आहे असं विचारलं होतं) हाच प्रश्न चार शब्दांत सुटतो. "बेरिंग गेलंय, दुसरं टाक." त्याच नंबरचं दुसरं येतं, ठोकून बसवलं जातं आणि मशीन सुरू होतं. पुन्हा दोन महिन्यांनी तेच. ते गेलं का, हे विचारायला कुणाला वेळ नसतो. परीक्षेत तर हा प्रश्न येतच नाही. म्हणून या लेखात तोच घेतला आहे.

बेअरिंग म्हणजे काय ते सांगायला लोखंडी धावेच्या जुन्या बैलगाडीपासून सुरुवात केलेली बरी. लोखंडी आसावर लाकडी तुंबा फिरतो, तुंब्यात लोखंडी नळी बसवलेली असते. आस आणि नळी एकमेकांवर घासतात, म्हणून मध्ये वंगण घालायचं. वंगणाचं नळकांडं गाडीलाच लटकलेलं असे, आणि ते संपलं की गाडी लांबूनच ओरडून गावाला कळवायची. पुस्तकी भाषेत हे 'जर्नल बेअरिंग' किंवा बुश बेअरिंग झालं. नंतर टायरगाडी आली. तिच्या चाकात बेअरिंग असतं, म्हणजे घासण्याच्या जागी लोळणं आलं. खडबडीत रस्त्यावर पोतं ओढत नेणं आणि तेच पोतं चार गोल ओंडक्यांवर ठेवून ढकलणं यात जो फरक, तोच इथे आहे. त्याच बैलजोडीला टायरगाडीत जास्त ऊस ओढता येतो, त्याचं श्रेय रबरी टायरला मिळतं. अर्धं श्रेय आतल्या बेअरिंगचं आहे, पण ते दिसत नाही.

यावरून कुणी म्हणेल की लोळणारं बेअरिंग ते पुढारलेलं आणि घासणारं ते मागासलेलं. आपल्या वर्गातही बऱ्याच जणांचा तसाच समज आहे. तो किती चुकीचा आहे ते पाहायला लांब जायला नको. आमच्यापासून जवळ ढोकीचा तेरणा कारखाना, लातूरच्या बाजूला मांजरा आणि विकास. कोणत्याही साखर कारखान्याच्या मिल हाऊसमध्ये जा. ऊस पिळणारे तीन रोलर असतात आणि वरच्या रोलरवर हायड्रॉलिकने शेकडो टनांचा दाब दिलेला असतो. हा रोलर मिनिटाला चार-पाच फेरे घेतो. त्याचा जर्नल ४५० मिलिमीटर व्यासाचा आणि वेग ५ फेऱ्यांचा धरला, तर पृष्ठभागाची गती सेकंदाला जेमतेम १२ सेंटिमीटर भरते. एवढा भार आणि एवढी मंद गती असताना तिथे परंपरेने बसवलेले असतात ते ब्राँझचे साधे 'ब्रास', आतून पाणी खेळवून थंड ठेवलेले. बैलगाडीच्या तुंब्याचे थोरले भाऊच म्हणा ना!

का बरं? एक तर तिथे रस गळतो, भुसा उडतो, आणि उसाबरोबर कधी एखादा लोखंडाचा तुकडा आला की सगळा रोलर उचलला जातो. असा धक्का ब्राँझ सोसतो. दुसरं म्हणजे ब्रास झिजला तरी तो सांगून-सवरून झिजतो. तापतो, करकरतो, गाळप अधिकाऱ्याला वेळ देतो. ऑफ-सिझनला तो काढून पुन्हा टर्निंग करता येतो, आणि काढण्यासाठी सगळा शाफ्ट मोकळा करावा लागत नाही. याची किंमत विजेत मोजावी लागते. इतक्या कमी गतीला तेलाचा पूर्ण थर तयारच होत नाही, धातू धातूला थोडाफार लागतोच आणि घर्षणात बरीच शक्ती जाते. म्हणून काही कारखान्यांनी मिलला स्फेरिकल रोलर बेअरिंग्ज बसवली आहेत. को-जनरेशनमुळे वाचलेली वीज विकता येऊ लागल्यापासून हा हिशेब बदललाय. पण तिथे सीलिंगवर भरपूर खर्च करावा लागतो, कारण उसाच्या रसाइतका बेअरिंगचा दुसरा वैरी नाही.

त्याच कारखान्यात पन्नास पावलांवर फायब्रायझर आहे. तो उसाचे तंतू सोडवतो, मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो, आणि त्याचे हातोडे झिजले की तोल जातो. तिथे साधा ब्रास चालणार नाही, तिथे स्फेरिकल रोलरच लागतं. ऊस एक, छप्पर एक, पण बेअरिंग दोन टोकांची.

आता गंमत बघा. परळीच्या औष्णिक केंद्रातली टर्बाइन मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरते. एवढ्या वेगाला तर गोळ्यांचं बेअरिंग हवं, असं वाटेल. नाही! तिथे पुन्हा घासणारंच बेअरिंग आहे, व्हाईट मेटलचा अस्तर दिलेलं. फक्त तिथे धातू धातूला लागतच नाही. शाफ्ट फिरताना तेलाला स्वतःबरोबर ओढून निमुळत्या फटीत दाबतो, त्या दाबावर तो टनावारी वजनाचा रोटर तरंगतो. एकदा वेग पकडला की झीज जवळजवळ शून्य, आणि तेल स्वच्छ ठेवलं तर वर्षानुवर्षं काही बघावं लागत नाही. अडचण असते ती सुरू होताना आणि थांबताना, कारण तेव्हा तेलाचा थर नसतो. म्हणून मोठ्या मशीनला सुरुवातीला पंपाने तेल खाली दाबून रोटर उचलून देतात.

हा तेलाचा थर कसा सापडला ती गोष्ट मला फार आवडते. १८८३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये बोशॅम्प टॉवर नावाचा इंजिनियर रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल घालायला म्हणून त्याने बेअरिंगच्या डोक्यावर भोक पाडलं, तर तेल आत जायच्या ऐवजी भोकातून बाहेर येऊ लागलं. त्याने बूच मारलं, बूच उडालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर आली. तेव्हा तिथे दाबमापक लावला गेला आणि आतला दाब सरासरी भारापेक्षाही जास्त निघाला. पुढे १८८६ मध्ये ऑसबॉर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. आपण ज्या 'रेनॉल्ड्स इक्वेशन'ला घाबरतो, ते एका उडालेल्या खुंटीतून निघालेलं आहे.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर आमची बार्शी लाईट सांगितल्याशिवाय राहवत नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची ही अडीच फुटी नॅरोगेज १८९७ मध्ये कुर्डुवाडी-बार्शी सुरू झाली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. वाटेत मुरुड. एका आसावर पाच टन, या मर्यादेत त्याने सगळी गाडी बसवली. ज्या काळात ही गाडी धावू लागली त्या काळात मालडब्यांच्या ॲक्सल-बॉक्समध्ये सर्वसाधारणपणे ब्राँझचं साधं बेअरिंग आणि खाली तेलात भिजवलेला कापसाचा बोळा असे. बोळा सुकला की बेअरिंग तापायचं, धूर निघायचा आणि वेळेत लक्षात आलं नाही तर आस मोडून डबा रुळाखाली. रेल्वेत याला 'हॉट ॲक्सल' म्हणतात. स्टेशनवरून गाडी जाताना कर्मचारी बाहेर उभा राहून तिच्याकडे बघत राहतो, ते आपल्याला रिकामपणाचं काम वाटतं. धूर, ठिणगी, लटकणारा भाग हेच तो बघत असतो. आमचा मार्ग २००७-०८ मध्ये ब्रॉडगेज झाला, आणि आज त्यावरून जाणाऱ्या नव्या मालडब्यांत टेपर रोलरचं बंदिस्त 'कार्ट्रिज' बेअरिंग असतं. त्यात ग्रीस कारखान्यातच भरून येतं, बाहेरून कुणी तेल घालत नाही. टेपर रोलर का, तर रेल्वेच्या चाकावर उभा भार असतोच, शिवाय वळणावर आडवा धक्काही बसतो. दोन्ही एकाच बेअरिंगने झेलायचे तर रोलर तिरके हवेत. टायरगाडीच्या आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या चाकातही टेपर रोलर दिसतं, ते याच कारणाने.

आता मूळ मुद्द्यावर येतो, बेअरिंग का जातं. यासाठी मी सुट्टीत जवळून पाहिलेली एक केस सांगतो. मिलचं नाव सांगत नाही, त्यांची परवानगी नाही आणि तशी गरजही नाही.

लातूर भागात डाळ मिल किती आहेत हे मी सांगायला नको. या मिलमध्ये तुरीचं टरफल काढणारं एमरीचं रोल मशीन होतं. शाफ्ट ४० मिलिमीटरचा, दोन्ही टोकांना पेडेस्टल ब्लॉक आणि एका बाजूला व्ही-बेल्टची पुली. पुलीच्या बाजूचं बेअरिंग दर दोन महिन्यांनी जात होतं. मालकाने कंपनी बदलून पाहिली. महागातलं आणलं, तेही गेलं. मग दुकानदाराशी भांडण. मशीन बंद पडलं की हमाल बसून. त्यांना पोत्यामागे पैसे मिळतात, बसल्याचे कुणी देत नाही. म्हणजे दोन-चारशे रुपयांच्या त्या बेअरिंगची खरी किंमत दुकानदाराच्या बिलावर नव्हती, ती दारात बिड्या ओढत बसलेल्या आठ-दहा जणांच्या घरी भरली जात होती. शिवाय डाळ मिलमध्ये आगीची भीती. जाम होत आलेलं बेअरिंग लालबुंद होऊ शकतं, आणि भोवती काय असतं? वाळलेलं टरफल आणि बारीक चुरी.

मिलच्या मिस्त्रींनी एक वाक्य बोललं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते म्हणाले, "इंजिनियर साहेब, बेरिंग खराब असतं तर दोन्हीकडचं गेलं असतं की. पलीकडचं चार वरसं झालं हातसुद्धा लावला नाही." चौथी पास माणूस, पण 'कंट्रोल एक्सपेरिमेंट' म्हणतात तो हाच!

आता हे वाक्य गणितात घालून बघू. दोन बेअरिंगमधलं अंतर ६०० मिलिमीटर आणि पुली जवळच्या बेअरिंगच्या बाहेर १५० मिलिमीटर लोंबणारी धरा. रोलचं वजन वगैरे बाजूला ठेवून नुसती पट्ट्याची ओढ घेऊ, समजा २४०० न्यूटन. पलीकडच्या बेअरिंगभोवती मोमेंट घेतले की पुलीजवळच्या बेअरिंगवर २४०० गुणिले ७५० भागिले ६०० म्हणजे ३००० न्यूटन येतात. पलीकडच्यावर उरतात फक्त ६००, तेही उलट्या दिशेने. म्हणजे पुली बाहेर लोंबती ठेवल्याबरोबर जवळच्या बेअरिंगवर पट्ट्याच्या ओढीपेक्षाही जास्त भार आला. भार पाचपट, आणि गोळ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात. पाचचा घन १२५. पलीकडचं बेअरिंग चार वर्षं का टिकलं याचं उत्तर इथेच आलं.

आयुष्याचं सूत्र आपल्याला पाठ आहे: 'सी' भागिले 'पी', त्याचा घन, इतके दशलक्ष फेरे. रोलर असतील तर घनाऐवजी दहा तृतीयांश घात. हे सूत्र लुंडबर्ग आणि पामग्रेन या स्वीडिश जोडीने १९४७ मध्ये मांडलं. ४० मिलिमीटर बोअरच्या ६२०८ मापाच्या बेअरिंगचा 'सी' सुमारे ३० किलोन्यूटन असतो. भार ३ किलोन्यूटन, म्हणजे भागाकार १०, घन १०००, म्हणजे हजार दशलक्ष फेरे. शाफ्ट मिनिटाला ७२० फेरे घेत असेल तर तासाला ४३,२०० फेरे, आणि आयुष्य साधारण २३,१०० तास. रोज १६ तास मिल चालली तरी जवळजवळ चार वर्षं.

मग दोन महिने कसे? पट्टा जुना झाला होता, धुळीने घसरत होता. घसरतो म्हणून मिस्त्रींच्या हाताखालचा पोरगा मोटर मागे ओढून पट्टा ताणायचा. चांगला तंबोऱ्यासारखा! ओढ दुप्पट झाली की जवळच्या बेअरिंगवर ६ किलोन्यूटन. भागाकार ५, घन १२५, आयुष्य सुमारे २,९०० तास. चार वर्षांचे सहा महिने झाले. उरलेले चार महिने धुळीने आणि वाकडेपणाने खाल्ले.

हे 'आयुष्य' म्हणजे काय, यातही घोटाळा होतो. सूत्रातून येतं ते एल-टेन आयुष्य. सारखी शंभर बेअरिंग्ज सारख्या स्थितीत चालवली तर इतक्या फेऱ्यांपर्यंत नव्वद टिकतील, दहा त्याआधीच जातील. बरीचशी यापेक्षा कितीतरी जास्त चालतात. म्हणून एखादं लवकर गेलं तर लगेच कंपनीला शिव्या द्यायच्या नसतात. मात्र एकाच जागेचं ओळीने पाच वेळा गेलं, तर तो योगायोग नव्हे, त्या जागेत दोष आहे.

वाकडेपणाचं म्हणाल तर त्याला आमची काळी माती कारण. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात ती फुगते. तिच्यावर उथळ पाया घालून ठेवलेलं मशीन वर्षभरात थोडं तरी कलतंच. हा त्रास केवळ आपलाच नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गला एका कापड गिरणीत स्वेन विंगक्विस्ट नावाचा इंजिनियर होता. गिरणी चिकणमातीच्या जमिनीवर उभी. जमीन हलली की छताजवळचा लांबलचक लाईनशाफ्ट वाकडा व्हायचा आणि बेअरिंग्ज फुटायची. त्याने १९०७ मध्ये असं बेअरिंग काढलं की बाहेरच्या रिंगची आतली बाजू गोलाच्या पृष्ठभागासारखी, म्हणजे शाफ्ट थोडा कलला तरी गोळ्या त्यात सावरून घेतात. हेच सेल्फ-अलाइनिंग बेअरिंग, आणि यावर उभी राहिलेली कंपनी म्हणजे एसकेएफ, जिचा कारखाना पुण्याजवळ चिंचवडला आहे. पुढे गोळ्यांच्या जागी पिपाच्या आकाराचे रोलर आले, ते स्फेरिकल रोलर. थोडक्यात, खराब जमिनीवर उभ्या राहिलेल्या गिरणीतून हा शोध लागला. काळ्या मातीवरच्या मिलवाल्यांनी तो जरूर वापरावा.

इथे एक बारीक गोष्ट. डाळ मिलमध्ये, शेवयांच्या मशीनमध्ये, कडबाकुट्टीत जे पिवळ्या-हिरव्या रंगाचे यूसीपी पेडेस्टल ब्लॉक दिसतात, त्यातलं बेअरिंगही बाहेरून गोलसर असतं आणि ब्लॉकमध्ये कलू शकतं. पण ते बसवताना एकदा सावरून घेण्यापुरतंच. शाफ्ट चालता चालता वाकत असेल तर ते दर फेऱ्याला डुलत बसत नाही, तो ताण आतल्या गोळ्यांवर येतो. त्यातून ब्लॉक रंगवताना रंग आत गेला किंवा गंज धरला की तेवढंही कलणं बंद. या मिलमध्ये ब्लॉक दर दिवाळीला रंगवायचे!

उपाय काही फार शास्त्रीय नव्हता. पट्ट्यांचा नवा जुळा संच, बोटाने दाबून ठराविकच ताण, पुली शाफ्टवर आत सरकवून ब्लॉकच्या जवळ, आणि खालचा पाया खणून मुरूम-काँक्रीटचा नवा. नंबर तोच ठेवला. "एक साईज मोठं टाकू का?" असं मालक विचारत होते. मोठं बेअरिंग म्हणजे शाफ्ट बदला, ब्लॉक बदला. शिवाय मोठं म्हणजे चांगलं असं दरवेळी नसतं. रोलर बेअरिंगवर भार फारच कमी आला तर रोलर लोळायचं सोडून घसरतात आणि पृष्ठभाग खरवडला जातो. म्हणून कॅटलॉगमध्ये किमान भारही दिलेला असतो. आपण तो रकाना कधी उघडत नाही.

नंबरावरून आठवलं. बेअरिंगचा नंबर वाचता येणं ही हातातली विद्या आहे, व्हायव्हाला तर उपयोगी आहेच. ६२०५ घ्या. पहिला ६ म्हणजे डीप ग्रूव्ह बॉल. पुढचा २ म्हणजे मापाची मालिका. ३ असेल तर त्याच शाफ्टला बाहेरून जाड आणि जास्त भाराचं. शेवटचे दोन आकडे गुणिले ५ म्हणजे बोअर: ०५ म्हणजे २५ मिलिमीटर. हा नियम ०४ पासून पुढे. ००, ०१, ०२, ०३ हे अनुक्रमे १०, १२, १५ आणि १७. होस्टेलच्या छताच्या पंख्यात बहुधा ६२०१ किंवा ६२०२ निघतं. सुरुवातीला ७ असेल तर अँग्युलर कॉन्टॅक्ट, ३ म्हणजे टेपर रोलर, २२ म्हणजे स्फेरिकल रोलर, ५१ म्हणजे थ्रस्ट, एन-यू म्हणजे सिलिंड्रिकल रोलर. शेपटाला झेड-झेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं, टू-आर-एस असेल तर रबरी सील. धुळीच्या जागी रबरी घ्यावं, हे सांगायला नकोच.

'सी-थ्री' हे शेपूट मात्र आपल्याकडे हमखास दुर्लक्षित राहतं. म्हणजे आतली फट नेहमीपेक्षा जास्त. मे महिन्यात लातूरचा पारा ४० च्या वर, पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त, त्यात मोटरची उष्णता शाफ्टमधून येते. आतली रिंग बाहेरचीपेक्षा जास्त फुगते आणि फट संपते. फट संपली की गोळ्या चेपल्या जातात, अजून तापतात, अजून फुगतात. थंडीत नीट चाललेलं मशीन उन्हाळ्यात जाम होतं ते असं. मोटरमध्ये मूळचं सी-थ्री असताना दुकानात मिळालं म्हणून साधं आणून टाकलं, तर नंबर जुळला तरी बेअरिंग जुळलं असं होत नाही.

निवड बरोबर झाली तरी बसवताना खून होतो. फिरणारा शाफ्ट आणि स्थिर भार असेल तर आतली रिंग शाफ्टवर घट्ट बसते. मग ठोकायचं ते आतल्या रिंगवर, पाईपचा तुकडा लावून. आपल्याकडे हातोडा थेट बाहेरच्या रिंगवर पडतो. तो जोर गोळ्यांमधून जातो आणि वाटेत प्रत्येक गोळी आपली खूण उमटवून जाते. बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. मोठं बेअरिंग तापवून बसवावं, पण ८० ते १०० अंशांपर्यंत, तेलात किंवा इंडक्शन हीटरवर. गॅसच्या ज्योतीवर नव्हे. १२० च्या वर गेलं तर पोलादाची टेंपर जायला लागते.

वेल्डिंगचं तर विचारूच नका. रोलवर किंवा पुलीवर वेल्डिंग करायचं आणि अर्थिंगची केबल लावायची मशीनच्या सांगाड्याला. करंट मग जाणार कुठून? बेअरिंगमधून! गोळी आणि रिंग यांच्या स्पर्शाच्या जागी बारीक बारीक खड्डे जळतात. काढून बघितलं तर धावपट्टीवर धोबीघाटाच्या फळीसारख्या रेघा दिसतात. अर्थ नेहमी ज्या तुकड्यावर वेल्डिंग चाललंय त्यालाच, अगदी जवळ लावायची.

ग्रीसबद्दलही एक गोड गैरसमज आहे, जास्त घातलं की जास्त चांगलं. ब्लॉकमधली मोकळी जागा तिसरा हिस्सा ते निम्मी भरली की पुरे. ठासून भरलं तर गोळ्या ग्रीस घुसळत बसतात, तापमान वाढतं आणि ग्रीसमधलं तेल वेगळं होऊन गळून जातं. लिथियमवाल्यात त्याच्याशी न जुळणारं ग्रीस मिसळणं हेही तसंच. दोन्ही पातळ होऊन वाहायला लागू शकतात. एका मिलमध्ये एकच डबा ठेवावा हे उत्तम.

साखर कारखान्याची अजून एक वेगळी गोष्ट आहे, जी वर्षभर चालणाऱ्या कारखान्यात नसते. ऑफ-सिझनला बेअरिंग्ज महिनोन् महिने एकाच जागी उभी. शेजारी दुसरं काही चालू असेल तर त्याच्या थरथरीने रोलरखालचं वंगण निघून जातं आणि जिथे रोलर टेकलाय तिथेच खड्डा पडतो. पुस्तकात 'फॉल्स ब्रिनेलिंग' नाव आहे. त्यातून आपला ऑफ-सिझन म्हणजे पावसाळा, म्हणजे गंज आलाच. अधूनमधून शाफ्ट पाव-अर्धा फेरा फिरवून ठेवणं हे काम कोणत्याही शिपाई-हेल्परला जमतं, पण न केल्यास त्याची किंमत ऐन गाळपात कळते. फायब्रायझर थांबला की मिल थांबली. गव्हाणीपुढे ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग, उन्हात वाळून ऊस वजनाला हलका होतोय, आणि शेतकऱ्याला पैसे मिळणार ते काट्यावरच्या वजनाचे.

नकली मालाचाही विषय काढायला हवा. खोक्यावर नामांकित कंपनीचं नाव, आत भलतंच, किंवा जुनं बेअरिंग धुऊन-पॉलिश करून नवीन म्हणून. रिंगवरची अक्षरं पुसट किंवा वाकडी असणं, खोका आणि बेअरिंग यांवरचे नंबर न जुळणं, रिंगच्या बाहेर पूर्वी बसवल्याच्या घासलेल्या खुणा असणं, हे तरी निदान बघावं. भाव फारच कमी असेल तर शंका घ्यावी आणि अधिकृत विक्रेत्याचं पक्कं बिल घ्यावं.

शेवटी आपल्या भागातलं सर्वांत जास्त खपणारं, आणि कुणालाच माहीत नसलेलं बेअरिंग. सबमर्सिबल पंपाचं. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते सगळ्या देशाने पाहिलं. त्याआधी आणि त्यानंतर बोअर किती खोल गेले ते आपण पाहिलं. १५० मीटर खालून पाणी उचलायचं म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला १५ किलोचा दाब आला. तो इम्पेलरमार्फत शाफ्टला खाली ढकलतो आणि हा सगळा भार मोटरच्या तळाशी असलेल्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. पाण्याने भरलेल्या मोटरमध्ये या बेअरिंगात ना गोळ्या, ना रोलर, ना ग्रीस. एक कार्बनची चकती आणि तिच्याखाली किंचित कलू शकणारे स्टीलचे तुकडे, आणि मध्ये वंगण म्हणून पाणी! टॉवरच्या त्या खुंटी उडवणाऱ्या तेलाच्या जागी इथे पाण्याचा थर सगळा भार उचलतो. पाणी तेलापेक्षा कितीतरी पातळ, म्हणून थरही फार बारीक आणि वाळूचा एक कणही जड जातो.

म्हणूनच अशी मोटर बोअरमध्ये सोडण्याआधी तिच्यात स्वच्छ पाणी काठोकाठ भरून, हवेचे बुडबुडे काढून घ्यावे लागतात. घाईत हे राहिलं तर थ्रस्ट पहिल्याच दिवशी कोरडं फिरतं. आणि बोअरची पातळी खाली जाऊन पंप कोरडा चालला, तर वरचे रबरी-ब्राँझचे बुश जळतात, बाहेरून वाहणारं पाणी नसल्याने मोटर थंड होत नाही, आतलं पाणी तापतं आणि थ्रस्टच्या चकतीचा भुगा होतो. ड्राय-रन तोडणारं साधन पॅनेलमध्ये बसवून मिळतं. रात्रीच्या लाईटला मोटर ऑटोवर ठेवून झोपणाऱ्याने तर ते बसवावंच.

पंप वर काढला की दुकानात एकच निदान होतं, "वाइंडिंग जळालं." जळालेलं असतंच. पण थ्रस्ट झिजून रोटर खाली बसला किंवा बुश झिजून तो स्टेटरला घासला, आणि मग वाइंडिंग गेलं, असं पुष्कळदा घडतं. नुसती नवी तार भरून तोच झिजलेला थ्रस्ट आत ठेवला तर पंप महिन्याभरात पुन्हा वर. तेव्हा घरचा पंप रिवाइंडिंगला टाकाल तर तळाचं झाकण आपल्यासमोर उघडायला सांगा आणि कार्बनची चकती हातात घेऊन बघा. ती आरशासारखी गुळगुळीत असेल तर दोष दुसरीकडे शोधा. तिच्यावर नख अडकेल अशा रेघा असतील तर आधी चकती आणि खालचे तुकडे बदलून घ्या, वायरचं नंतर बोला.